पाखरी कुणाला भ्यायची

पाखरीनं बंडगरांच्या बुटावर मुतून ठेवलं, तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होते. बूट नवेकोरे होते, तपकिरी, पोरगी बघायला जायचं म्हणून पॉलिश मारलेले. धोंडीराम बंडगर पाय झटकत उठले. त्यांच्या शेजारी बसलेला नवरामुलगा, म्हणजे त्यांचा भाचा, हसू दाबायला खोकला. आणि आमचे आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "असं कसं हुयाचं हिचं? म्हैन्यावर दिवस आलाय."

पाहुण्यांना वाटलं, माझ्याबद्दलच बोलताहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं.

आप्पा बोलत होते पाखरीबद्दल. ती आमची कारवानी कुत्री, दोन वर्षांची. काटक, लांब पायांची, कमरेत इतकी बारीक की दोन्ही हातांच्या पंजांत मावावी. तिची आई साप चावून गेली तेव्हा पाखरी आठ दिवसांची होती. मी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून तिला जगवली. रात्री माझ्या अंथरुणात झोपायची. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. घरात आप्पा, त्यांची विधवा बहीण हौसाआत्या आणि मी. त्यात ही चौथी.

आमच्या तालुक्याच्या यात्रेत दर वर्षी कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं, अजूनही भरतं. आप्पांच्या तीन कुत्र्यांनी तिथं नंबर घेतलेले. हिप्परकरांची कुत्री म्हटलं की लोक चार पावलं वाट वाकडी करून बघायला यायचे. पाखरीला मात्र आदल्या वर्षी मैदानात नेली आणि परीक्षक समोर येताच ती मटकन खाली बसली. बसली ती उठलीच नाही. आप्पांनी तिला उचलून बाहेर आणली तेव्हा लोक हसले. ते हसणं आप्पांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

कारवानीला परक्याचा हात खपत नाही, आणि परीक्षक तर तोंड उघडून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो. म्हणजे तिला परक्या माणसांची सवय हवी. पण आमची वस्ती गावापासून दोन कोस लांब माळावर. तिथं परकी माणसं आणायची कुठून? तर आप्पांना उत्तर सापडलं. वर्षभर आमच्याकडे परकी माणसं येतच होती. मला बघायला.

मग रीतच पडली. पाहुणे येत. मी बशा घेऊन जाई, खाली मान घालून पाटावर बसे. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, जरा चालून दाखव. मी चालून दाखवी. माझं आटोपलं की आप्पा पाखरीला साखळीनं ओढत आणून म्हणत, "पाव्हणं, जरा हिच्या पाठीवरनं बी हात फिरवा की. दात बघा. न्हाई चावत." पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मुलगी बघायला येऊन कुत्रीचे दात बघायचे हे कुणाच्याच ध्यानीमनी नसे. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. आणि पाखरी थरथर कापत माझ्या पायाशी येऊन दबायची.

बंडगर सातवे.

जाताना ते मोटारसायकलीजवळ थांबून आप्पांशी बोलत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून ऐकलं. ऐकायचं नसतं, पण ऐकल्याशिवाय राहवत नाही.

"राग मानू नका, हिप्परकर," बंडगर म्हणाले. "पोरगी रूपानं बरी हाय, पर मुखदुर्बळ हाय. आमच्यात माणसांचा राबता. तिथं ही दोन दिस टिकायची न्हाई."

मग बंडगरांनी पाखरीकडे बोट केलं.

"कुत्री मातर जातिवंत हाय. बुजरी का असंना. डाळिंबाच्या मळ्यात खुट्याला बांधून ठिवतो. देता का?"

मला वाटलं, आप्पा आता त्यांना फैलावर घेतील. पण आप्पा म्हणाले, "औंदा यात्रंत हुबी ऱ्हायली तर माझी. बसली तर तुमची, तिथनंच घिऊन जावा. बुजऱ्या कुत्रीची पिल्लंबी बुजरीच निपजत्यात. शब्द दिला."

आमच्या आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी खिडकीचे गज धरून तशीच उभी राहिले. मला नाकारल्याचं काही वाटलं नाही, त्याची आता सवय झाली होती. पण पाखरी बंडगरांच्या मंगळवेढ्याकडच्या मळ्यात खुंट्याला बांधलेली डोळ्यांपुढे आली आणि मला रडूच कोसळलं.

"म्या करते तिला धीट," मी रात्री जेवताना आप्पांना म्हणाले. "एक म्हैना माझ्यावर सोडा."

"तू?" आप्पा म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी मागेच लागले. पहिल्यांदा शोधून काढायचं होतं, ही भिते कशाला? हौसाआत्याचं म्हणणं पडलं, फोडणीला. "आगं, पोह्यांची फोडणी तडतडली की ती पलंगाखाली जाती. म्या सवता बघितलंय." खरंच होतं ते. पाहुणे यायच्या दिवशी मोहरी तडतडायच्या आत पाखरी पलंगाखाली. म्हणून मी एका मंगळवारी, कुणी येणार नसताना, मुद्दाम पोहे केले. पाखरी आली, चुलीजवळ बसली, आणि अर्धी कढई पोहे खाऊन मोकळी झाली. आत्या म्हणाली, "मग फोडणी नसंल."

मग वाटलं, कोट-टोपीवाल्या माणसांना भीत असेल. आत्याला आप्पांचा कोट चढवला, डोक्यावर टोपी घातली, खुर्चीवर बसवलं. आत्यानं पुरुषी आवाज काढून विचारलं, "काय पोरी, नाव काय तुजं?" मला हसू आवरेना. पाखरीनं कोटाचा वास घेतला, शेपूट हलवली आणि आत्याच्या मांडीवर पुढचे दोन पाय ठेवले. आम्ही दोघी पार गोंधळून गेलो.

म्हणजे गर्दी? तिला आठवड्याच्या बाजाराला घेऊन गेले. तिथं बँडवाले, लाऊडस्पीकर, बैलांचं हंबरणं, पोरांची दंगल. पाखरी शेपटी वर करून माझ्यापुढे चालत होती. कासार बाईनं तिचा जबडा धरून दात बघितले. मेंढरांच्या दलालानं तिच्या बरगड्या चाचपल्या. पाखरी बघतेय आपली मजेत. खतं विकणारा एक माणूस वस्तीवर आला, त्यालाही तिनं हुंगून सोडलं. आणि पुढच्या रविवारी सांगोल्याकडची माणसं मला बघायला आली तेव्हा ही पुन्हा पलंगाखाली. आप्पांनी ओढून आणली तर लटलट कापायला लागली.

"हिच्या मनात काय चालतंय, द्येवाला ठावं," आत्यानं हात टेकले. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. माझ्याही आणि पाखरीच्याही.

मी मात्र चक्रावून गेले होते. परकी माणसं तीच, हात तेच, दात बघणंही तेच. एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. माणसं-माणसांत ही कुत्री असा काय फरक करते? मी रात्री तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारायची, "बाई गं, सांग की, काय दिसतंय तुला?" ती डोळे मिटून घ्यायची. शिकवण्यात मी कसूर ठेवली नाही. पाय न हलवता उभं राहणं, इशाऱ्यासरशी दुडक्या चालीनं पळणं, सगळं तिला माळावर चोख यायला लागलं. आप्पा लांबून बघायचे. एक दिवस म्हणाले, "मैदानात तूच धर तिला. माझ्या हातात बसली, तुझ्या हातात हुबी ऱ्हायली तर ऱ्हायली." आमच्याकडे बाईमाणसानं मैदानात कुत्रं धरलं नव्हतं. पण आप्पांनाही आता दुसरा इलाज दिसत नव्हता.

यात्रेचा दिवस उजाडला. मी रोजचंच पातळ नेसणार होते, तर आत्यानं पेटीतून शेवाळी रंगाची नायलॉनची साडी काढली. ती माझी एकच बरी साडी. पाहुणे येत तेव्हा तीच. आदल्या वर्षी यात्रेतसुद्धा तीच, कारण आटपाडीच्या कुणाला तरी मला मैदानाच्या दोरीशी उभी करून लांबून बघायचं होतं.

"सांगोल्याची माणसं यात्रंला येणार हायती," आत्या म्हणाली. "पोराच्या आईनं तुला अजून बघितली न्हाई. येत्या रविवारी बोलणीच कराय यायचं म्हणत्यात. नीट नेसून जा."

मी नेसले. निऱ्या खोचून वळले तर पाखरी पलंगाखाली.

"आता गं?" आत्या कंबरेवर हात देऊन म्हणाली. "पोहं न्हाईत, पाव्हणं न्हाईत, मग ही कशापायी लपली?"

मला तेव्हाही कळलं नाही. आज सांगताना हसू येतं, पण समोरची गोष्ट दिसू नये इतकी मी घाबरलेली होते. शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्यांच्या टेम्पोतून आम्ही गेलो, आणि सगळ्या वाटेवर पाखरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून कापत होती.

मैदानाला दोरी बांधली होती. फक्कीनं गोल आखला होता. दोरीपलीकडे माणूस मावत नव्हता. बंडगर पहिल्याच रांगेत उभे, अंगावर पांढराशुभ्र शर्ट, हातात नवी साखळी. सांगोल्याची मंडळी कुठं होती मला माहीत नाही, पण मला प्रत्येक बाईचा चेहरा त्या आईचाच वाटत होता. आप्पा दोरीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा मी मुद्दाम बघितला नाही.

परीक्षक म्हणजे एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर, मिरजेहून आलेले. डोक्यावर गोल टोपी, हातात वही. एकेका कुत्र्यापुढे ते थांबत, काही न बोलता नुसतं बघत राहत, मग हात लावत. आमच्यापुढे आले. थांबले. बघत राहिले. आणि पाखरी मटकन बसली.

दोरीपलीकडून कुणीतरी "गेली!" म्हणालं.

डॉक्टरांनी वही उघडली. "नाव?"

"शालन," मी मान खाली घालून म्हणाले.

"वय?"

"चोवीस पुरं."

डॉक्टर थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मी कुत्रीचं विचारतोय."

काय हशाची लाट उठली म्हणता! माझे कान तापले. अंगठ्यानं मी माती उकरत होते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, माझे गुडघे साडीच्या आत लटलट कापत होते. आणि तेवढ्यात माझी नजर पाखरीवर गेली. ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती. दोरीकडे नाही, माणसांकडे नाही. ती वर मान करून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कापत होते तशीच ती कापत होती.

कधीच बघत नव्हती ती पाहुण्यांकडे. सात वेळा, आठ वेळा, ती माझ्याकडेच बघत होती. रोज माळावर ओरडणारी, आत्याशी भांडणारी, तिच्याशी तासन्‌तास बडबडणारी मी ती शेवाळी साडी नेसले की अचानक मुकी व्हायची, मान टाकायची, कापायची. ज्या गोष्टीनं माझी ही गत होते ती गोष्ट भयंकरच असणार, एवढं त्या जनावराला कळत होतं. ती गोष्ट कुठली ते मात्र तिला दिसत नव्हतं. महिनाभर मी तिची भीती शोधत हिंडले आणि ती साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.

मला काय झालं कोण जाणे. लाज वाटत होती, राग येत होता, आणि त्या सगळ्यातून हसूच फुटलं. मोठ्यानं. लोक हसायचे थांबले, कारण हसणाऱ्याला काय हसायचं?

"पाखरी तिचं नाव," मी म्हणाले. माझा तो माळावरचा आवाज, दोन शेतं पलीकडे जाणारा. "दोन वर्सं पुरी. आन्‌ डाक्टर, दात बघायचं असलं तर आदी तिच्यासंगं बोला. मुकाट्यानं कुणी कुणाच्या तोंडात हात घालतंय व्हय?"

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी वही काखेत मारली आणि चक्क खाली बसले. "काय पाखरीबाई, बऱ्या आहात का?" ते म्हणाले.

"ऊठ गं भवाने," मी म्हणाले. "काय न्हाई. आपलंच माणूस हाय."

पाखरी उठली. एकदा माझ्याकडे बघून तिनं अंग झाडलं. डॉक्टरांनी जबडा उघडला, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला. ती खांबासारखी उभी. "पळवा," ते म्हणाले. मी पदर खोचला, चपला काढून टाकल्या आणि पळाले. साडीची निरी सुटतेय की राहतेय याची शुद्ध नव्हती. पाखरी माझ्या गुडघ्याशी, मान ताठ, पाय जमिनीला लागताहेत की नाही कळू नये अशी. एक फेरी सांगितली होती, आम्ही दोन मारल्या. लोक शिट्ट्या मारत होते.

नंबर मिळाला नाही. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "सगळ्यांत चांगली चाल हिची होती. पण मैदानात बसलेल्या कुत्र्याला नंबर देता येत नाही. नियम आहे." आणि पुढच्या कुत्र्याकडे गेले.

दोरीबाहेर आले तर बंडगर नवी साखळी घेऊन तयार. आप्पा त्यांच्या शेजारी. आप्पांचा चेहरा उतरलेला होता, पण नजर खाली नव्हती.

"बसली," बंडगर म्हणाले. "समद्यांनी बघितलंय. पर उठल्यावर काय पळली हो! आता तर सोडतच न्हाई. द्या इकडं."

आप्पांनी माझ्यापुढे हात केला. साखळी मागायला. पुरुषांच्या बोलण्यात बाईनं पडायचं नसतं, हे मला चोवीस वर्षं घोटून शिकवलेलं. मी साखळी मुठीला दोन वेढे देऊन घेतली.

"द्यायची न्हाई," मी म्हणाले.

"शालन, म्या शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय, आप्पा. म्या न्हाई दिला. आन्‌ बसली ती खरं, पर उठली का न्हाई? उठल्यालं का मोजत न्हाई कुणी?"

"पोरी..." बंडगरांनी सुरुवात केली.

"तुम्हाला ती बांधून ठिवायची हाय, मामा. तिला इचारलं कुणी, बांधून घ्यायचं हाय का? समदी बघत्यात, दात मोजत्यात, चालवत्यात. इचारत कुणीच न्हाई." आवाज फुटला माझा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी पुसलंही नाही.

बंडगर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी साखळी गुंडाळून खिशात घातली. "ऱ्हाऊ द्या, हिप्परकर," ते म्हणाले. "तुमचा शब्द म्या परत केला." आणि गर्दीत निघून गेले.

आम्ही टेम्पोजवळ आलो. शेळ्या भरायच्या होत्या म्हणून वाट बघत उभे राहिलो. आप्पांनी तंबाखू काढली, मळली, आणि तोंडात न टाकता तशीच वाऱ्यावर सोडून दिली.

"सांगोल्याला निरोप धाडतो," ते म्हणाले. "ह्या रविवारी येऊ नका म्हणून."

मी घाबरले. "का? त्यांनी बघितलं व्हय मला, पळताना?"

"त्यांचं न्हाई म्हणत मी." आप्पा पाखरीकडे बघत बोलत होते. "तुला इचारायचं ऱ्हायलंय. आठ जणं बोलावली म्या. एकदाबी इचारलं न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. माझ्या आठवणीत पहिल्यांदा ते माझ्या उत्तराची वाट बघत थांबले होते. "तुला काय पायजे, शालन?"

मी तोंड उघडलं. इतका वेळ एवढी बोलत होते, बंडगरांना गप्प केलं होतं, भर मैदानात डॉक्टरला शिकवलं होतं. आता विचारलं तर आत काहीच सापडेना. शिकायचं का? लग्नच नको का? हा नको आणि दुसरा चालेल का? ज्याचा कधी कुणी प्रश्नच केला नव्हता त्याचं उत्तर मी कुठून आणू?

"ठावं न्हाई, आप्पा," मी म्हणाले.

"बरं," आप्पा म्हणाले. "कळलं की सांग."

मला ते कळायला दोन वर्षं लागली, आणि तोवर आमच्या वस्तीवर कुणी पाहुणा आला नाही.